सिकंदराबादच्या भिंतीवर एक कोडे लावा

माननीय महाव्यवस्थापक,
दक्षिण मध्य रेल्वे, रेल निलयम, सिकंदराबाद यांस,



सिकंदराबादला ७०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाचे नवे रेल्वे स्थानक उभे राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये त्याची पायाभरणी झाली. भिंती नव्या, प्रतीक्षालये नवी. कुठल्या भिंतीवर काय लावायचे याचे कागद आता आपल्या टेबलावरून फिरत असतील, म्हणून हे पत्र आजच लिहितो. त्यातली एक भिंत गणिती कोड्यांसाठी राखून ठेवा. दर आठवड्याला एक कोडे, मोठ्या अक्षरांत आणि लहान मुलाच्या नजरेला येईल अशा उंचीवर. बक्षीस नको, स्पर्धा नको, नावनोंदणी नको.

ही मागणी शिक्षण खात्याकडे का नेली नाही, असे आपण विचाराल. शाळेत कोडे विचारले की मूल आधी गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघते. फलाटावर तसा चेहरा नसतो. गाडी यायला अवकाश असतो, सामान पायाशी असते, आणि आजोबा, आई, नातू एकाच बाकावर शेजारी बसलेले असतात. शाळा मुलांपुरती, कचेरी मोठ्यांपुरती. सगळ्या वयांची माणसे एकत्र आणि रिकामी बसलेली सापडतात ती रेल्वेत. शिवाय आपली रेल्वे ही आम्हा मराठी माणसांचीही रेल्वे आहे. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे सुरू झाली आणि २००३ मध्ये नांदेड विभाग वेगळा झाला. परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर इथल्या फलाटांचा कारभार आजही सिकंदराबादहूनच चालतो. निजामाच्या राज्यातून १९४८ मध्ये मराठवाडा सुटला, १९५६ मध्ये तो भाषेच्या हिशेबाने वेगळ्या राज्यात गेला, पण रुळांनी तो या शहराशी जोडलेलाच राहिला. मी या शहरात राहणारा मराठी माणूस आहे. माझे गाव आणि माझे घर या दोन्हींच्या मधला सगळा रस्ता आपल्या हद्दीत येतो.

तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते. ज्या मराठी माणसाने साध्या अंकांच्या कोड्यांनी जगभरच्या लोकांना वेड लावले, तो रेल्वेच्या रस्त्यावरचाच माणूस होता.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. शिक्षण ठाण्याला आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. विद्यार्थी असतानाच, १९२७ मध्ये, त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. देवळाली म्हणजे सिकंदराबादसारखेच लष्करी छावणीचे गाव. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. दिवसभर वर्गात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात अंकांशी खेळायचे. इथल्या मोठ्या गणितज्ञांनी त्यांच्या कामाची फारशी दखल घेतली नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगात गेले. निवृत्तीला तोवर बरीच वर्षे उलटली होती. १९८६ मध्ये ते वारले.

त्यांनी एका संख्यामालेला ‘डेम्लो’ संख्या म्हटले. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा, चढून उतरणाऱ्या संख्या त्यात येतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. हे नाव त्या काळच्या जीआयपी रेल्वेवरच्या, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या स्थानकाचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे. ही कल्पना त्यांना तिथे सुचली. आणखी एका मालेला त्यांनी देवळालीचे नाव दिले. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८ होतात, म्हणजे २३ पासून २८ जन्मली. आता २० घ्या. कुठल्या संख्येत तिचे अंक मिळवले म्हणजे २० येतील? शोधून पाहा, सापडणार नाही. २०, ३१, ४२, ५३ अशा ज्यांना जन्मदाता नाही त्या देवळाली संख्या. कापरेकर त्यांना स्वयंभू म्हणत. सिकंदराबादहून मुंबईला जाणारी देवगिरी एक्स्प्रेस मनमाडनंतर देवळालीवरून जाते आणि पुढे डोंबिवलीवरूनही. गणिताच्या ग्रंथांत गेलेली ही दोन्ही स्थानके आपल्याच गाडीच्या वाटेवर आहेत.

आणि ६१७४. ही संख्या कापरेकरांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडली. सगळे अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार आकडी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. शून्य आले तर ते टाकायचे नाही, चार घरे भरलेली राहिली पाहिजेत. फार तर सात पायऱ्यांत आपण ६१७४ वर येतो, आणि एकदा आलो की तिथून हलत नाही.

गेल्या उन्हाळ्यात नांदेडला जाताना हे मी डब्यात करून पाहिले. समोर परभणीचे एक आजोबा आणि त्यांचा नऊ-दहा वर्षांचा नातू बसले होते. मोबाईल चार्जिंगला लागलेला, म्हणून पोरगा कंटाळलेला. मी त्याला गाडीचा नंबर विचारला. १७०५८, तो म्हणाला. पहिला एक सोडून दे, म्हटले. २०१० च्या डिसेंबरात गाड्यांचे नंबर पाच आकडी झाले, त्याआधी ही गाडी ७०५८ च होती. आजोबांच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला त्याने लिहायला सुरुवात केली. ८७५० वजा ०५७८. आजोबा वरून बघत होते. “हातचा नीट घे, बाळा.” ८१७२ आले. मग ८७२१ वजा १२७८, ७४४३. पुढे ३९९६. पुढे ६२६४. पुढे ४१७६. पुढे ६१७४. “आता पुन्हा कर,” मी म्हटले. त्याने ७६४१ मधून १४६७ वजा केले, थांबला, परत तपासले. “आबा, हे तर तिथंच अडकलं!”

शेजारच्या बाकावर एक तेलुगू बाई होत्या. त्यांना मराठी समजत होते, बोलायच्या हिंदीत. त्यांनी पेन मागून घेतले आणि आपल्या लग्नाचे साल घातले, १९८६. ९८६१ वजा १६८९. उत्तर आले ८१७२. पोराने आपल्या कडेवरचा पहिला आकडा पाहिला, मग त्यांचा पाहिला. दोन्ही ८१७२. आता तो स्वतःहून विचारू लागला की गाडीचा नंबर आणि काकूंच्या लग्नाचे साल सारखेच कसे झाले. कोड्याची खरी सुरुवात ही इथे होते. जादू दाखवून झाली की बहुतेक लोक टाळ्या वाजवून थांबतात, आणि तेवढ्यावर थांबायला मुलांना शिकवणे हे नुकसान आहे, असे मला मनापासून वाटते. ‘असे का’ हा प्रश्न त्या पोराला कुणी विचारायला लावला नव्हता.

उत्तर पाचवीच्या गणिताने कळते. चार अंक उतरत्या क्रमाने मांडले की दोनच अंतरांचा संबंध उरतो: सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातले अंतर, आणि मधल्या दोघांतले अंतर. पहिल्याला ९९९ ने गुणा, दुसऱ्याला ९० ने गुणा, बेरीज करा, वजाबाकीचे उत्तर तेच येते. ७०५८ मध्ये ८ आणि ० यांचे अंतर ८, तर ७ आणि ५ यांचे २. म्हणजे ७९९२ अधिक १८०, ८१७२. १९८६ मध्येही ९ आणि १ यांचे अंतर ८, ८ आणि ६ यांचे २. त्या पोराला मी अजिंठा एक्स्प्रेसचा जुना नंबर ७०६४ आणि देवगिरीचा परतीचा ७०५७ दिला. दोन्ही पहिल्याच पायरीला ७१७३ वर येतात. का, ते आता त्यालाच सांगता आले. चार आकडी संख्या ९०००. सारख्या अंकांच्या नऊ सोडल्या, तर उरलेल्या सगळ्या एका वजाबाकीत अवघ्या ५४ संख्यांवर येऊन पडतात, कारण त्या दोन अंतरांच्या जोड्याच ५४ होतात. मग ५४ संख्या हाताने तपासणे हे एका दुपारचे काम. कुणाच्या सांगण्यावर विश्वास न ठेवता, घरच्या घरी, कागद-पेन घेऊन एखादी गोष्ट पूर्णपणे सिद्ध करता येते, हे मुलाला आयुष्यात एकदा तरी अनुभवायला मिळाले पाहिजे. मोठ्यांनाही. आपल्यातल्या कितीतरी जणांना गणित म्हटले की पोटात गोळा येतो, तो लहानपणी कुणीतरी घाई केल्यामुळे.

महोदय, रेल्वेकडे आकड्यांचा तोटा नाही, आणि यातले बरेच आकडे स्वतःच कोडी आहेत. डब्यांवरच्या क्रमांकातले पहिले दोन अंक साधारणपणे डबा बांधल्याचे साल असते. रुळांच्या कडेच्या दोन किलोमीटर-खुणांमधला वेळ सेकंदांत मोजा आणि त्या सेकंदांनी ३६०० ला भागा, की गाडीचा ताशी वेग मिळतो: ४५ सेकंद लागले तर ८० किलोमीटर. पण माझ्या आवडीची गोष्ट मालगाडीची आहे. प्रवाशांना मालगाडी म्हणजे आपल्या गाडीच्या आड येणारी अडचण वाटते. तिच्या प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी क्रमांक रंगवलेला असतो. पहिले दोन अंक वाघिणीच्या प्रकाराचे, पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेची त्याचे, पुढचे दोन बांधणीच्या सालाचे, मग चार अनुक्रमाचे. शेवटचा अकरावा अंक कशाचाच नसतो. तो पहारेकरी आहे. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या जागेचे अंक मिळवून तिप्पट करायचे, त्यात विषम जागांचे अंक मिळवायचे, आणि बेरीज पुढच्या दहाच्या पटीला नेण्यासाठी जेवढे लागतील तेवढा अकरावा अंक. नमुन्यादाखल २२०६१४३५७१ घ्या. सम जागांची बेरीज १८, तिची तिप्पट ५४. विषम जागांची बेरीज १३. एकूण ६७, सत्तरला तीन कमी. अकरावा अंक ३.

कारकुनाने कुठलाही एक अंक चुकीचा उतरवला तर ही बेरीज दहाने भागली जात नाही आणि चूक पकडली जाते. आता कोडे असे. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, ७१ च्या जागी १७ लिहिले गेले, तर पहारेकरी ते दर वेळी पकडतो का? बहुतेक वेळा पकडतो. पण काही जोड्या त्याच्या डोळ्यांदेखत निसटतात. कोणत्या, आणि त्याच का? मोठ्या माणसांना आठवडाभर पुरेल असा हा प्रश्न आहे. शिवाय मालगाडी नसली तरी अडत नाही, कारण फलाटावरच्या दुकानात मिळणाऱ्या बिस्किटाच्या पुड्याखालचे तेरा अंक याच नियमाने बांधलेले असतात. पोराने पुडा फोडण्याआधी उलटा करून बेरीज करावी, एवढे जरी त्या भिंतीने साधले तरी पुष्कळ झाले.

क्रॉसिंगचेही तसेच. मनमाड ते परभणी या मार्गाचा बराचसा भाग अजून एकेरी आहे. मधल्या एखाद्या लहान स्थानकावर गाडी थांबते, पंधरा मिनिटे होतात, अर्धा तास होतो, आणि डब्यातला प्रत्येक जण तुम्हाला बोल लावतो. शंटिंगची कोडी अमेरिकेत सॅम लॉइड आणि इंग्लंडमध्ये हेन्री ड्यूडनी यांच्या काळापासून लोक आवडीने सोडवत आले आहेत. एक इथल्या रुळांवर बसवून सांगतो. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आल्या. प्रत्येकीला एक इंजिन आणि आठ डबे. मध्ये दोन्ही टोकांना जोडलेली एक लूप लाइन, पण तिच्यात इंजिनासह चारच डबे मावतात. इंजिन मागेही ढकलू शकते आणि त्याच्या पुढच्या बाजूलाही डबे जोडता येतात. दोन्ही गाड्या आपापल्या दिशेने, आपापल्या सगळ्या डब्यांनिशी, कशा जातील? जातात, एवढे सांगतो. माचिसच्या काड्या घेऊन बाकावर मांडून पाहता येते. आपल्या नियंत्रण कक्षातली माणसे रोज याहून अवघड कोडी सोडवतात आणि प्रवाशाला त्याचा पत्ताच नसतो. हे कोडे सोडवलेला माणूस क्रॉसिंगला थांबलेल्या गाडीत वेगळ्या नजरेने बसेल.

आता या शहराबद्दल थोडे. हैदराबाद-सिकंदराबाद हे प्रवेश परीक्षांच्या शिकवण्यांचे गाव झाले आहे. रस्तोरस्ती क्रमांक मिळवलेल्या मुलांचे चेहरे लावलेले असतात. त्या मुलांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. याच हैदराबादच्या नीलकंठ भानू प्रकाश यांनी २०२० मध्ये माइंड स्पोर्ट्स ऑलिंपियाडच्या मनगणित स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, याचा अभिमानही आहे. पण गणिताला घड्याळ बांधून टाकल्यामुळे आठ वर्षांच्या मुलाचीही समजूत होते की जो आधी हात वर करतो तो हुशार आणि ज्याला वेळ लागतो तो ढ. कापरेकरांनी आयुष्यभर जे केले त्यात घाई कुठेच नव्हती. एक संख्या ते महिनोन्महिने उलटसुलट करून पाहत. अशा सावकाश विचाराला या शहरात एक सार्वजनिक जागा हवी. तिथे कुणी गुण देणार नाही, आणि उत्तर न आल्याने कुणाचे काही बिघडणारही नाही.

कोडी निवडताना मात्र कडक राहावे लागेल. फळांची चित्रे आणि चिन्हांचा घोळ घालून ‘९९ टक्के लोक चुकतात’ म्हणणारी कोडी मोबाईलवर फिरतात. कंस आणि भागाकार एकत्र लिहून, आधी काय करायचे यावर भांडणे लावणारीही फिरतात. ही कोडीच नव्हेत. लिहिण्याच्या पद्धतीबद्दलचा तो वाद आहे. ‘पुढची संख्या कोणती’ या प्रकारावरही मी फुली मारीन. एक अपवाद सोडून. वर्तुळावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी रेषेने जोडा, आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती तुकडे होतात ते मोजा. एका बिंदूला १, दोनांना २, तिनांना ४, चारांना ८, पाचांना १६. सहा बिंदूंना? प्रत्येक जण ३२ म्हणतो. मोजले तर ३१ भरतात. पाच वेळा खरे ठरलेली गोष्ट सहाव्या वेळी खोटी ठरू शकते, हे शिकायला याहून स्वस्त साधन मला माहीत नाही. हे कोडे मुलांपेक्षा मोठ्यांसाठी लावा.

आणि आपल्याच मातीतले भांडार उघडा. चाळीसगावजवळ पाटण आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या आरंभी मठ स्थापला, तसा शिलालेख तिथे आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली तेव्हा गणित भुंग्यांत, कमळांत, सापा-मोरांत आणून ठेवले. त्यातले एक माझ्या शब्दांत सांगतो. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. खांबापासून सत्तावीस हातांवर साप दिसतो, तो बिळाकडे निघतो, आणि मोर तिरका झेपावतो. दोघांनी सारखेच अंतर कापले असताना बिळापासून किती हातांवर मोर सापाला गाठेल? दहावीतला मुलगा हे समीकरणाने सोडवील. समीकरण न शिकलेली त्याची धाकटी बहीण जमिनीवर खडूने आखून, दोरीने मापून उत्तराच्या अगदी जवळ जाईल. आणि पावकी, निमकी, औटकी पाठ असलेली त्यांची आजी तोंडी एकेक आकडा घालून पाहील. तिघांनाही उत्तर मिळते आणि ते पूर्ण हातांतच येते. ज्या कोड्यात तिघांनाही शिरायला वाट आहे, तेच भिंतीवर लावण्याच्या लायकीचे.

उत्तर कसे द्यायचे, हा या योजनेतला सर्वांत नाजूक भाग आहे, आणि त्यासाठी रेल्वेसारखी दुसरी संस्था नाही. उत्तर कोड्याखाली बारीक अक्षरांत छापू नका. मोबाईलने टिपायचा चौकोनही लावू नका. उत्तर खिशात आहे हे कळले की कुणी विचार करीत नाही. कोडे सिकंदराबादच्या भिंतीवर ठेवा, सूचक इशारा निजामाबादच्या फलाटावर आणि उत्तर नांदेडला. मधले चार-पाच तास प्रवाशाचे. नांदेडहून निघणाऱ्यांसाठी दुसरे कोडे, त्याचे उत्तर सिकंदराबादला. मनमाडकडे जाणाऱ्यांसाठी परभणी आणि छत्रपती संभाजीनगर. खिडकीतून मान काढून उत्तर वाचणारी पोरे आणि ‘सांगू नका, सांगू नका’ म्हणून ओरडणारी पोरे, दोन्ही एकाच डब्यात असतील. रोजची ये-जा करणाऱ्यांना पुढच्या आठवड्याचे कोडे कळेल, आणि मला खात्री आहे, त्यांचे वादही होतील.

भाषेचा प्रश्न आपल्याला नवा नाही. सिकंदराबादच्या नावाची पाटीच अनेक लिप्यांत आहे. तेलुगू, हिंदी, उर्दू, इंग्रजी तर हवेतच, पण देवगिरी-अजिंठाच्या फलाटांवर मराठी आणि बिदरच्या बाजूला कन्नडही असू द्या. कोड्यातले आकडे सगळ्यांना सारखेच कळतात, भाषांतर करायला उरतात दोन-तीन वाक्ये. ती तपासायला माणसे जवळच आहेत. हैदराबाद विद्यापीठाच्या परिसरात सी. आर. राव यांच्या नावाची प्रगत गणित संस्था आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. पण कोडी शाळामास्तरांकडून मागवा. कापरेकर शाळामास्तरच होते, आणि मराठवाड्यात व तेलंगणात असे शिक्षक आजही आहेत ज्यांच्या वहीत अशी शंभर कोडी पडून आहेत आणि ती कुणी मागितलेली नाहीत.

हे वेडे धाडस वाटत असेल, तर आधीची उदाहरणे आहेत. २००० हे जागतिक गणित वर्ष होते. त्या वर्षी केंब्रिजच्या आयझॅक न्यूटन संस्थेने लंडनच्या भुयारी रेल्वेत गणिताची भित्तिपत्रके लावली, महिन्याला एक. आपल्याच भारतीय रेल्वेच्या रुळांवर २००७ मध्ये सोळा डब्यांची सायन्स एक्स्प्रेस निघाली आणि ती दहा वर्षे देशभर फिरली. मी गाडी मागत नाही, डबाही मागत नाही. रंगवलेला एक फलक आणि आठवड्यातून एकदा तो पुसून लिहिणारा माणूस, एवढेच मागतो. गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या पडद्यांवर एरवी जाहिराती दाखवल्या जातातच. पण पडद्यापेक्षा फलक बरा, कारण तो मिनिटाभरात नाहीसा होत नाही. कोडे परत वाचता आले पाहिजे, बोटाने दाखवता आले पाहिजे. फलकाखाली खडूसाठी एक फळी ठेवलीत आणि शेजारी चार फूट काळी भिंत मोकळी सोडलीत, तर हिशेब तिथेच मांडले जातील. रात्री ते पुसले गेले तरी चालेल.

आपल्या अखत्यारीतल्या जालना, परभणी यांसारख्या स्थानकांचेही रूप सध्या बदलते आहे. तिथली पाटी आधी लागली आणि सिकंदराबादची मागाहून, तरी माझी तक्रार नाही. सुरुवातीचा दिवस मात्र सुचवतो: १७ जानेवारी, कापरेकरांचा जन्मदिवस. पहिले कोडे ६१७४ चे असावे, खाली एक ओळ त्यांच्या नावाची आणि देवळालीच्या शाळेतल्या त्यांच्या नोकरीची. दुसऱ्या आठवड्यात मोर आणि साप, तिसऱ्यात मालगाडीचा अकरावा अंक. पुढच्या कोड्यांसाठी नांदेड आणि सिकंदराबाद या दोन विभागांतल्या शाळांना एक परिपत्रक पाठवा. पहिल्या वर्षाची बावन्न कोडी महिन्याभरात जमा होतील. भाषांतराचे काम मी आणि माझे काही मराठी-तेलुगू मित्र विनामूल्य करू. एवढ्या कामासाठी लागणारा आदेश आपल्या एका सहीने निघू शकतो, आणि तो काढावा अशी विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
देवगिरीचा एक प्रवासी,
सिकंदराबाद